पत्र्याच्या छपराखालची पंगत

अप्पा, परवा धारवाडच्या मठात स्वामींच्या पुण्यतिथीची आराधना आहे, आणि तिथं जेवायला येणार की नाही हे मला उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. आचाऱ्याला पानांचा आकडा द्यायचा असतो म्हणे. तुम्ही असता तर तुम्हालाच विचारलं असतं, आणि तुम्ही काय म्हणाला असता तेही मला पाठ आहे: "जेवाण हाय न्हवं? मग जा की." तुमचा सगळा वेदान्त तेवढाच होता. पण गेली तीस-बत्तीस वर्षं मी त्या मठाच्या पाण्यालासुद्धा तोंड लावलेलं नाही, आणि ते तुमच्यासाठी. तुम्ही तसं कधी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आधी घरचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी रडगाणं गायला बसली. आम्ही दोघंही शाळेतून निवृत्त झालो. मी मुलांना बेडकाचं हृदय दाखवत आले, तुमचे जावई फळ्यावर वर्तुळं काढत आले, आणि आता हुबळीत उणकलला चौथ्या मजल्यावर राहतो. तुम्ही पाहिलं होतं तेव्हा उणकल म्हणजे तळं, चार म्हशी आणि जोंधळ्याची शेतं. आता तळ्याभोवती इमारतीच इमारती आहेत, म्हशी मात्र अजून दिसतात. तुमचे जावई पहाटे पाचला उठतात. एकदा आंघोळ करून सोवळं नेसलं की पूजा होईपर्यंत त्यांना कुणाला शिवता येत नाही, मला तर नाहीच नाही. म्हणून ते आंघोळच पुढं ढकलतात. आधी आलं ठेचून चहा करतात, माझा पेला उशाशी आणून ठेवतात, गॅलरीत शेजारी बसून पेपर वाचून दाखवतात, माझ्या गुडघ्यांना तेल चोळून देतात, आणि मग उठता उठता म्हणतात, "चला, आता तिकडची नोकरी." अप्पा, बायकोच्या गुडघ्यांनंतर नंबर लागणारा देव जगात दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरी आहे, आणि त्यानं अजून तक्रार केलेली नाही.

सोवळ्याचं धोतर गॅलरीत उंच दांडीवर वाळत असतं. काठीनं चढवायचं, काठीनं उतरवायचं. आमचं भांडण झालं की मी जाता जाता त्याला बोट लावते. शिवलेलं धोतर बाद, की पुन्हा पिळणं, पुन्हा वाळवणं, आणि मी त्यांनाच शिवले तर पुन्हा आंघोळ. एका थंडीत एका सकाळी तीन आंघोळी झाल्या. भांडण कशावरून होतं ते आज दोघांनाही आठवत नाही. तिसऱ्या आंघोळीनंतर कुडकुडत बाहेर आले नि म्हणाले, "सर्दी झाली तर काढा तुलाच करावा लागेल. विचार करून शिव." मला हसू आवरेना. देव नाही असं मानणाऱ्या बाईचा आणि देवाशिवाय घास न गिळणाऱ्या माणसाचा संसार कसा होतो असं लोक मला विचारतात. असा होतो. फार मजेत होतो.

तर आता यंदाचं. तुमचे जावई दर वर्षी आराधनेला वाढपी म्हणून जातात. यंदा त्यांच्या कमरेला पट्टा आहे. वाकायचं नाही, उचलायचं नाही, म्हणजे साराची बादली गेली. गेला आठवडा ते घरात ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखे फिरत होते. एकदा म्हणाले, "यंदा वाढणार नाही." मी म्हटलं, "बरं." थोड्या वेळानं, "म्हणजे जेवायलाच बसावं लागेल." म्हटलं, "बसा." मग पेपर उलटा-सुलटा करत, "एकट्यानं बसायला कसंसंच वाटतं." मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. तेव्हा कुठं गाडी मुक्कामाला आली: "तू येशील?" इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथं नाही म्हटलं. कारण विचारायची त्यांना गरज नव्हती.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही कोण जाणे. मला तो खडानखडा आठवतो. आमचं लग्न कचेरीत झालं, तुम्ही सही करायला कानावरची पेन्सिल काढली आणि कारकुनानं हसून पेन पुढं केलं, त्यानंतरची ती पहिली आराधना. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या, मग बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. त्यांनीच तुम्हाला बोलावणं धाडलं, आणि मनापासून धाडलं. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुम्ही अळणावरहून सकाळच्या पॅसेंजरनं एकटेच आलात. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांत सॉमिलमधला भुसा राहिलेलाच, आणि खांद्यावर गोणपाटात बांधलेले दोन सागवानी पाट. उरल्यासुरल्या तुकड्यांचे, सुट्टीच्या दिवशी बसून केलेले. स्टेशनवरच गोणपाट सोडलंत. "एक तुला, एक जावईबापूंना. दोनी एकाच उंचीचं हाईत. मापून बघ." मी कशाला मापू. तुमच्या हाताचं माप कधी चुकलं होतं?

मठात आतल्या चौकात एक पंगत बसते. पुरुष शर्ट काढून, सोवळ्यानं, ज्यांची जात तिथं चालते तेवढ्यांची. बाहेर अंगणात पत्र्याच्या छपराखाली दुसरी पंगत, उरलेल्यांची. आत पाट, बाहेर गोणपाटाची पट्टी. अन्न एकाच चुलीवरचं. कुणी तुम्हाला वाकडं बोललं नाही. एक पंचेवाला माणूस अगदी गोड हसून, लांबूनच हात करून म्हणाला, "यजमान, तुम्ही इकडं या," आणि तुम्ही त्याच्यामागून गेलात. मला आत बायकांच्या ओळीत जागा होती, सासूबाईंनी मठवाल्यांशी चार दिवस भांडून मिळवलेली. मी पानावर बसले आहे आणि दारातून तुम्ही दिसता आहात. मांडी घातलेले, पानाभोवती पाणी फिरवणारे. एक वाढपी तुमच्यापुढं वाकलेला आहे, पाठमोरा. तुम्ही मान वर करून त्याला काहीतरी म्हणता, सार दुसऱ्यांदा घेता, आणि हात चाटता. माझ्या पानावर नुकतं मीठ नि कोशिंबीर वाढून झालेली. मी उठले. भरल्या पंगतीतून उठू नये हे मला कळत होतं, म्हणूनच उठले. सासूबाईंचा चेहरा उतरला तो मी पाहिला आणि तरी थांबले नाही.

संध्याकाळी तुम्हाला पोचवायला धारवाड स्टेशनवर आले. तुम्ही कट्ट्यावर बसलात, मी उभीच राहिले. आणि मी तुम्हाला म्हणाले, "अप्पा, तुम्हाला मान-अपमान काही कळतो का? बाहेर बसवलं आणि तुम्ही दोनदा मागून जेवलात." चाळीस मुलांच्या वर्गात चालतो त्या आवाजात म्हणाले. तुम्ही टॉवेलनं मान पुसलीत. मग म्हणालात, "भूक लागली हुती गं." आणि वर, "सार बाकी झकास झालं हुतं. तुझं पान मात्र फुकट गेलं." गाडी आली. मी तुमच्या पाया पडले नाही. पुढं चार वर्षं तुम्ही होतात, सणावाराला आलात, पाट हलतो का म्हणून विचारलंत, पण त्या दिवसाबद्दल ना तुम्ही बोललात ना मी.

त्या वर्षापासून आमच्या घरी आराधनेच्या दिवशी झुणका-भाकरीच असते. माझा निषेध म्हणा. मठात लाडू, चित्रान्न, आंबोड्या, आणि माझ्या चुलीवर ज्वारीची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. तुमचे जावई दुपारी तीन वाजता घामानं भिजून घरी येणार, पाय धुणार आणि विचारणार, "भाकरी आहे का गं?" तीन-तीन भाकऱ्या खायचे, अप्पा. मी पाटावर बसून वाढायची आणि चिडवायची, "पंगतीतून उठवलं वाटतं? का देवाचे लाडू पचवायला भाकरी लागते?" ते म्हणायचे, "मठाचं जेवण देवासाठी, हे माझ्यासाठी." माझ्या पोरीबाळींना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या बायकांना मी हा किस्सा रंगवून सांगत आले. भक्तीनं भूक वाढते यावर माझा तो एकमेव पुरावा होता. जीवशास्त्राची बाई, आणि रिकामं पोट ओळखता आलं नाही.

मला धर्माचा राग का, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. देवाचा राग नाही. जो नाही त्याच्यावर रागावून काय करायचं. राग त्याच्या कचेरीचा. शाळेत सरस्वतीपूजनाला पाळी आलेल्या मुली जिन्यात बसलेल्या पाहिल्या की मी चिडायची, आणि त्यांना तिथं बसवणाऱ्या बाई वर्षभर त्याच मुलींच्या वेण्या घालणाऱ्या असायच्या. गावाकडं जत्रेत रथाला हात कुणी लावायचा नि कुणी नाही यावरून डोकी फुटायची, आणि फोडणारे एरवी एकमेकांच्या मढ्याला खांदा देणारे. दुष्ट माणसानं केलं तर ओळखता तरी येतं. इथं प्रेमळ माणसं करतात, हात जोडून करतात, 'यजमान, इकडं या' म्हणतात. आमच्या घरातल्या सोवळ्याचा आणि मठातल्या पंगतीचा नियम एकच आहे हे मला कळतं. फरक एवढाच की घरातल्या धोतराला मी बोट लावू शकते आणि नंतर आम्ही हसू शकतो. मठात बोट लावणाऱ्याला कुणी काढा करून देत नाही. हे सगळं मी तुमच्या जावयांना शंभर वेळा ऐकवलंय. ते ऐकून घेतात, म्हणतात, "तुझं बरोबर आहे," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चहा झाला की तिकडच्या नोकरीवर रुजू होतात. मला या माणसाचा देव पटत नाही आणि या माणसाशिवाय करमत नाही, अशी माझी तीस वर्षांची परिस्थिती आहे.

आता आज सकाळचं. दुर्गदबैलच्या बाजारात तूरडाळ घ्यायला गेले होते. हातगाड्यांतून वाट काढत दुकानाशी पोचले तर मठाचे म्हातारे आचारी पोत्यावर टेकून डाळ दाताखाली घालून पाहत होते. मला ओळखलं. तुमच्या जावयांना मठात रायर म्हणतात. म्हणाले, "अक्का, रायर यंदा वाढायला नाहीत म्हणे. बरं झालं. यंदा तरी जेवतील."

मी म्हटलं, "यंदा तरी म्हणजे?"

"म्हणजे काय अक्का, इतकी वर्षं मी पान मांडतो, ते 'घरी जेवण आहे' म्हणून निघून जातात. हातावर तीर्थ घेतात तेवढंच. आणि वाढायचं तेही बाहेरच्या पंगतीला. आत वाढा म्हणून किती सांगितलं. ऐकतच नाहीत." मग डाळीचा एक दाणा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "हीच घ्या. लवकर शिजते."

मी तीच घेतली. रिक्षात बसल्यावर स्वतःशीच बोलायला लागले ते थेट मोठ्यानं, रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. तीस वर्षांच्या भाकऱ्या डोळ्यांसमोर येत होत्या. पहाटे तिखट-मीठ न खाता गेलेला माणूस, दुपारी तीनपर्यंत शेकड्यांनी लोकांना सार वाढून उपाशी घरी येतो, आणि बायको त्याला पंगतीतून उठवलं का म्हणून विचारते.

घरी आले तर ते पट्टा बांधून खुर्चीत बसून चिंचेनं देवाची भांडी घासत होते. मी पिशवी खाली ठेवली. "तुम्ही मठात जेवत नाही?"

हातातला तांब्या फिरत राहिला. "आचारी भेटला वाटतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"का जेवत नाही?"

तांब्या थांबला. "अप्पांनी हाक मारायला सांगितली होती," ते म्हणाले.

अप्पा, त्या दिवशी तुमच्यापुढं वाकलेला वाढपी तेच होते. लग्नाला वर्ष झालेलं, आणि मी नवऱ्याची पाठ ओळखली नाही. सगळ्याच पाठी उघड्या, सगळेच पंचे पांढरे. आत वाढायला होते, दारातून तुम्हाला बाहेर बसलेलं पाहिलं, हातातली बादली तिथंच ठेवली आणि बाहेरची उचलली. बाहेर गेलेल्यानं पुन्हा आत यायचं तर आंघोळ करावी लागते, लोकांनी हाका मारल्या, तरी गेले. तुमच्या पानावर सार वाढताना अर्धं तुमच्या मांडीवर सांडलं. तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "सार झकास झालंय की. घाला अजून." मग विचारलंत, "जावईबापू, तुमी जेवला?" ते म्हणाले, "नंतर." आणि तुम्ही म्हणालात, "मग बसताना हाक मारा. मी येतो तुमच्यासंगं बसायला."

"मला हाक मारता आली नाही," तुमचे जावई म्हणाले. "आत बोलावायची हिंमत नव्हती, आणि बाहेर येऊन बसायची पण झाली नाही. आई बघत होती, मठातले सगळे बघत होते. अप्पा हात धुऊन छपराखाली उभे होते. बराच वेळ उभे होते. मग कुठल्या तोंडानं जेवू?"

मी विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाले, "तू म्हणाली असतीस, जेवत नाही तर जाता कशाला. मला जायचं होतं गं. देव माझा आहे. पंगत त्यांची." मी म्हटलं, "आणि त्यांना? मठवाल्यांना कधी बोललात?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "देवापुढं रोज बोलतो. माणसांपुढं जीभ उचलत नाही." मी भडकले, अप्पा. म्हटलं, "तीस वर्षं तुम्ही उपाशी राहिलात, त्यांना वाटलं घरी पुरणपोळी आहे. दोन पंगती होत्या तशा राहिल्या. लोक मूग गिळून बसतात, तुम्ही तेसुद्धा न गिळता बसलात." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं, कमरेला कळ लागली तरी हसत राहिले, आणि मी तिथं फरशीवर बसून हसता हसता रडले. आता दुपार आहे, ते आत झोपलेत, आणि मी ठरवते आहे. गेले तर तुमच्यासाठी धरलेला राग तुमच्याच दारात टाकून दिल्यासारखं होईल. नाही गेले तर तो माणूस पुन्हा भाकरी मागेल. डाळ शिजायला टाकायची आहे. उठते.

अप्पा, हे पत्र पाच दिवस डाळीच्या डब्याखाली होतं. आज काढलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, येते, पण दोन अटींवर. जेवायचं बाहेरच्या छपराखाली. ते म्हणाले, "मग काय आत? आत कोण बसतंय." दुसरी अट, मठवाल्यांशी बोलायचं. रात्रीचं जेवण झालं, सकाळचा चहा झाला, त्यांनी माझ्या गुडघ्यांना तेल दोनदा चोळलं. शेवटी म्हणाले, "लिहून नेलं तर चालेल? गणित मला लिहूनच सुटतं."

आराधनेच्या दिवशी आम्ही बसनं धारवाडला निघालो. त्यांच्या काखेत पिशवी, पिशवीत तुमचे दोन्ही पाट. एकावर बसून ते पूजा करतात, दुसऱ्यावर बसून मी भाकरी थापते, म्हणून एक काळा पडलाय आणि एकाला तेलाचा वास येतो, पण उंची अजून एकच आहे. कंडक्टरनं विचारलं, "काय सर, मुंज आहे का?" हे म्हणाले, "नाही, जेवण आहे."

मठ पाहून मी चकितच झाले. पत्र्याचं छप्पर तेच, पण पंखे लागलेत, आणि बाहेरची पंगत भरून वाहते आहे. आत मोजून पंधरा-वीस म्हातारे. कारण विचाराल तर आत बसायला शर्ट काढावा लागतो आणि आजच्या पोरांना पोटं दाखवायची लाज वाटते. ती सगळी तिथली, आतल्या जातीची पोरं, मोबाइल मांडीवर ठेवून खुशाल बाहेर बसली होती, शेजारी कोण आहे न विचारता. मी आयुष्यभर भाषणं केली ते काम पोटाच्या घेरानं केलं, यावर हसावं की रडावं कळेना. मी हसले. पण आतला चौक तसाच होता, दारातला माणूस तसाच होता, आणि कुणाला कुठं हात करायचा हे त्याला अजून पाठ होतं, म्हणून माझं हसू पुरतं पसरलं नाही.

हे आत जाऊन दर्शन घेऊन आले. डोळे मिटून, ओठ हलवत, मला दारातून दिसत होते. त्या वेळी ते जिथं असतात तिथं मी कधीच पोचणार नाही, आणि तिथून परतताना त्यांचा चेहरा जसा होतो तसा मला फार आवडतो. बाहेर आले, शर्ट घातला, छपराखाली जागा बघून दोन पाट मांडले. लगेच मठाचे व्यवस्थापक धावत आले. "रायर, वळगं बर्री, आत या. तुमचं पान आत मांडलंय."

"नानु इल्ले कुंडर्तेनि," हे म्हणाले. मी इथंच बसणार. मग खिशातून कागद काढला, शाळेच्या वहीचा, घडी घातलेला. वाचायचा होता, पण चष्मा सापडेना, तेव्हा तसंच बोलले. "आमच्या सासऱ्यांना तुम्ही इथं बसवलं होतं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. चूल एक, सार एक, देव एक, आणि पंगती दोन, हे गणित चुकलंय. मी तीस वर्षं चूक बघून गप्प बसलो. हा कागद कमिटीपुढं ठेवा."

शेजारच्या पोरांनी मोबाइलवरून माना वर केल्या. व्यवस्थापक म्हणाले, "बघू की सर, मांडू." कागद पंच्यात खोचून निघून गेले. त्या कागदाचं काय होईल ते मला दिसतंच आहे, मी कमिट्या पाहिल्यात. पण अप्पा, तुमचे जावई तो कागद हातातून सुटल्यावर असे बसले, जसा एखादा मुलगा तोंडी परीक्षा देऊन बाकावर येऊन बसतो. घामानं भिजलेले आणि खूश.

पान वाढून झालं. सगळ्यांनी हात घातला. हे थांबले. फाटकाकडं पाहिलं आणि हळू, पण स्पष्ट म्हणाले, "अप्पा, या. बसतोय."

मी तिकडं पाहिलं नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला, पाहिलं. फाटकात चपलांचा ढीग होता. मग मी पाण्याचा हात पानाभोवती फिरवला, तुम्ही फिरवायचात तसा, आणि जेवले. सार वाढायला आलेल्या पोराला मी म्हटलं, "घाला अजून." तुमचं म्हणणं खरं होतं, सार झकास होतं. तुम्ही तेव्हा ते साराबद्दल म्हणाला होतात की सार सांडलेल्या जावयाला धीर द्यायला, हे आता मला कधीच कळणार नाही. बहुधा दोन्ही. भूक लागलेली असतानाही समोरच्याची लाज राखणारा माणूस माझा बाप होता, आणि मी त्याला मान-अपमान शिकवायला गेले होते.

मी मठाला माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवते. आतला चौक मोडेपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही, आणि पुढच्या वर्षी कागदावर माझीही सही असेल. पण बाहेर जेवेन. उठताना यांची कंबर आखडली, मी दोन्ही हातांनी ओढलं, एका पोरानं मागून टेकू दिला आणि आम्ही तिघंही पडता पडता वाचलो. घरी आलो. तीन वाजले होते. यांनी पाय धुतले आणि सवयीनं विचारलं, "भाकरी आहे का गं?" विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तरी अर्धी खाल्लीच.

आत्ता ते मागून डोकावून गेले. काय लिहितेस म्हणाले. म्हटलं, अप्पांना पत्र. "आणि मी देवाशी बोलतो म्हणून मला हसतेस," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्या पाटाला खालून दोन पट्ट्या मारल्यात ना तुम्ही, त्यांच्यात खोचून ठेवते.

एक राहिलं. त्या दिवशी तुमची गाडी सुटल्यावर मी घरी गेले नाही. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर उभ्यानं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि दोन मिरची-भजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, मिरची तिखट आहे असं गाडीवाल्याला सांगितलं, आणि अजून एक प्लेट मागितली. भूक मलाही लागली होती, अप्पा.